वॉरंटीतला ‘मुळे’ डीलरने वाचावा

महोदय,

लहानपणी पोलिओ झाल्यामुळे माझ्या दोन्ही पायांत जोर नाही. मी गाडी हातांनी चालवते. स्टिअरिंगखाली एक दांडा बसवून घेतला आहे. पुढे ढकलला की ब्रेक लागतो, स्वतःकडे ओढला की गाडी वेग घेते. दांड्याच्या सळ्या पेडलना क्लॅम्पने धरलेल्या आहेत आणि त्याचा आधार डॅशबोर्डच्या खाली बोल्टने आवळलेला आहे. हे बसवताना गाडीची एकही वायर कापली नाही. हा दांडा नसेल तर गाडी माझ्या उपयोगाचीच नाही.

गाडी घेऊन दीड वर्ष झालं आणि एसीतून गार हवा येईनाशी झाली. वॉरंटी तीन वर्षांची, म्हणून निर्धास्तपणे डीलरच्या वर्कशॉपमध्ये गेले. सर्व्हिस ॲडव्हायझरने दार उघडलं, दांडा पाहिला आणि बॉनेटला हातही न लावता सांगितलं, “मॅडम, गाडी मॉडिफाइड आहे. वॉरंटी लागणार नाही.” एसीचा कॉम्प्रेसर असतो इंजिनाजवळ, त्याला फिरवतो इंजिनाचा पट्टा. पेडलला लावलेल्या क्लॅम्पचा तिथे काय संबंध, असं मी विचारलं. उत्तर मिळालं नाही. मग म्हटलं, नकार लेखी द्या. “तसं लिहून देता येत नाही,” असं ते म्हणाले. तोंडी देता येतो तो नकार कागदावर का देता येत नाही, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे.

घरी येऊन वॉरंटीची पुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचली. बदल केलेल्या गाडीची वॉरंटी रद्द होते, असं त्यात कुठेच नव्हतं. बदलांमुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसणार नाही, एवढंच होतं. सगळा वाद या ‘मुळे’ शब्दावर उभा आहे आणि वर्कशॉपच्या काउंटरवर नेमका तोच गाळला जातो.

दुसऱ्या डीलरकडेही तोच अनुभव आला, त्याबद्दल वेगळं लिहीत नाही. तिसऱ्या ठिकाणी मात्र आधी फोन केला आणि विक्री विभागाशी न बोलता थेट सर्व्हिस मॅनेजर मागितले. ‘तुम्ही मॉडिफाइड गाड्या घेता का?’ असं मोघम विचारलं नाही. गाडीत काय बसवलं आहे आणि काय बिघडलं आहे ते सांगितलं. त्यांनीच उलट विचारलं, “कंट्रोल मेकॅनिकल आहे की इलेक्ट्रॉनिक? वायरिंगला कुठे जोड दिलाय का? बसवणाऱ्याचं बिल आहे?” हे तीन प्रश्न ऐकूनच मला हायसं वाटलं. गाडी नेली तेव्हा ते स्वतः टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली वाकले, मग बॉनेट उघडलं. कॉम्प्रेसरच्या क्लचची कॉइल जळलेली निघाली. जॉबकार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर, त्यांनी लिहिलं: ‘हँड कंट्रोल बसवलेले आहे, तक्रारीशी संबंध नाही.’ कॉम्प्रेसर वॉरंटीत बदलून मिळाला.

डीलर का कचरतात हेही त्यांच्याकडूनच कळलं. वॉरंटी देते कंपनी. डीलर काम करून कंपनीकडे क्लेम लावतो आणि कंपनीने तो नामंजूर केला तर भुर्दंड डीलरला पडतो. त्यांची ही अडचण खरी आहे. पण शंका असेल तर कामाआधी कंपनीची मंजुरी घेता येते. ग्राहकाला दारातूनच परत पाठवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

प्रत्येक नकार चुकीचा असतो, असं मला म्हणायचं नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, रीमॅप करून (त्यातल्या सेटिंग बदलून) इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या टर्बोचा दाब वाढवला आणि पिस्टन फुटला, तर कंपनीने हात वर केले ते योग्यच. फार मोठी चाकं लावून व्हील बेअरिंग गेलं, किंवा जादा दिव्यांसाठी वायर सोलून जोड दिला आणि फ्यूज उडू लागले, तरी तसंच. पण त्याच गाडीच्या खिडकीची मोटर बंद पडली, तर ती वॉरंटीत बदलून मिळायलाच हवी. संबंध भागागणिक तपासायचा असतो. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. त्यानुसार स्वतःच्याच ब्रँडचा सुटा भाग वापरला पाहिजे, अशी अट कंपनीला वॉरंटीसाठी सहसा घालता येत नाही. केवळ बाहेरचा भाग लावला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही; त्या भागाने बिघाड केला असेल तर तेवढ्या दुरुस्तीपुरती नाकारता येते, असं फेडरल ट्रेड कमिशन ही ग्राहकहित पाहणारी तिथली सरकारी संस्था ग्राहकांना सांगते.

गाडीत काही बसवून घेणार असाल, तर आधी सर्व्हिस मॅनेजरला भेटा, बसवल्यानंतर नको. बसवणाऱ्याच्या बिलावर तारीख आणि किलोमीटर लिहून घ्या. विजेचं काम असेल तर वायर न कापता कपलरने (खटक्याने बसणाऱ्या प्लगने) जोडायला सांगा, आणि काढलेले मूळ भाग टाकून देऊ नका.

डीलरांकडे माझी मागणी एकच आहे. नकार द्यायचा तर कोणत्या बदलामुळे कोणता भाग बिघडला हे जॉबकार्डवर लिहून द्या. तो कागद घेऊन ग्राहकाला कंपनीकडे दाद तरी मागता येईल. आणि कंपन्यांनी अपंगांसाठीच्या हँड कंट्रोलचा आणि फिरत्या सीटचा पुस्तिकेत नाव घेऊन उल्लेख करावा. आम्ही हे हौसेने बसवत नाही.

माझ्या गाडीच्या वॉरंटीचे अजून चौदा महिने बाकी आहेत. त्या जॉबकार्डची प्रत मी पुस्तिकेतच घालून ठेवली आहे. त्या मॅनेजरांची बदली झाली, तर त्यांच्या जागी येणाऱ्याला ती दाखवावी लागेल.

– हातांनी गाडी चालवणारी एक वाचक