वहिनी, मोजपट्टी बाजूला ठेवायला लावल्याबद्दल

इंदूर

आदरणीय वहिनी,
सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानू लागलो की आपण चहाचे आधण ठेवण्याच्या निमित्ताने आत निघून जाता, म्हणून हे पत्र चारचौघांच्या देखत लिहीत आहे. आपल्याला ते संकोचाचे वाटेल, याची मला कल्पना आहे.

सुनेने नातीसाठी मांजरपाटाची बाहुली शिवली आणि जुन्या गादीतला कापूस पिंजून तिच्यात ठासून भरला. उंची बरोबर 15 इंच. कपड्यांचे काम मी मागून घेतले, कारण बांधकाम खात्यात जन्मभर नकाशे काढलेल्या माणसाला एवढेसे पोलके अवघड जाऊ नये, अशी माझी समजूत होती. बाई 60 इंचांची, बाहुली 15 इंचांची, म्हणजे प्रमाण एकास चार. प्रत्येक मापाला चाराने भागले की काम झाले, असा हिशेब मांडून मी बहिणीने सोलापूरहून आणलेल्या खणाला कातर लावली. पोलके दिसायला नेटके झाले, पण गळा बाहुलीच्या कपाळावरच अडला आणि बाहीत तिचा हात मनगटापलीकडे जाईना. नातीने ते पोलके आमच्या मांजरीला घालून पाहिले, हा अपमान वेगळाच.

आपण त्या दिवशी हसला नाहीत. माझ्या हातातली मोजपट्टी काढून घेतलीत आणि म्हणालात, "भाऊजी, बाईची चौथाई केली म्हणून बाहुली होत नाही." माणसाच्या डोक्याचा घेर साधारण 22 इंच, त्याची चौथाई साडेपाच, आमच्या बाहुलीचे डोके मात्र 11 इंचांचे होते. घरगुती बाहुलीचे डोके मोठे, मान आखूड, कंबर जवळजवळ नाहीच, आणि हात म्हणजे न वाकणाऱ्या दोन कापसाच्या वळकट्या. तिला माणसाचे माप लावण्यात अर्थ नव्हता, हे मला आकड्यांसकट दिसले ते तेव्हा.

मग आपण जुन्या मलमलीचा तुकडा बाहुलीच्या अंगाभोवती टाचण्यांनी बसवलात, खांदा, मुंढा (बाही जोडायची गोलाई) आणि बगल पेन्सिलीने आखून घेतलीत आणि तो सोडवून जमिनीवर पसरलात. तोच आमचा नमुना. त्याच्या कडेने पाव इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचे जादा कापड, सोडायची: माणसाच्या कपड्यात पुढे उसवून वाढवता यावे म्हणून जास्त ठेवतात, बाहुली काही वाढायची नाही, पण पाव इंचाहून कमी ठेवली तर खणाचे धागे सुटून शिवणच निघून येते. बाही आधी सपाट कापडावर मुंढ्याला जोडायची आणि नंतर बाहीच्या टोकापासून बगलेतून कमरेपर्यंत एकच सलग शिवण घालायची, हा क्रम मला कधीच सुचला नसता. मी आधी बगल शिवून त्या इवल्याशा भोकात बाही बसवण्याचा उद्योग दोन संध्याकाळ करत होतो. आणि पाठ सबंध उघडी ठेवायची, म्हणजे डोक्यावरून काही घालायला नको. मी टिचबटणे आणली होती. घरात रांगते बाळ आहे, सापडेल ते तोंडात घालते, याची आठवण देऊन आपण ती परत डबीत ठेवायला लावलीत आणि नाड्या शिवल्यात.

नऊवारीच्या वेळी माझे गणित पुन्हा उसळून आले. नऊ वार म्हणजे 324 इंच, त्याची चौथाई 81, म्हणजे सव्वादोन वार. तेवढे कापड गुंडाळल्यावर बाहुली धान्याच्या पोत्यासारखी दिसू लागली, कारण लांबी भागता येते, कापडाची जाडी भागता येत नाही. आपण ते 40 इंचांवर आणलेत आणि निऱ्या आतून धावदोऱ्याने पक्क्या केल्यात. कापड घरच्याच विरलेल्या माहेश्वरी साडीचे होते. रेशमी ताणा (उभे धागे) आणि सुती बाणा (आडवे धागे) असल्यामुळे ते अंगाला धरूनही राहिले आणि सुळसुळीतही राहिले. तिचा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, आणि नात तर बाहुलीचा पदर दिवसातून दहा वेळा उलटा करते! पूर्ण काठ ठेवला असता तर तो बाहुलीच्या गुडघ्यापर्यंत आला असता, म्हणून आपण त्यातली एकच बारीक वेल कापून घेतलीत. त्या वेळी माझा जीव कळवळला होता, हे आज कबूल करतो.

आम्ही एकदा मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या भिल्ल बाहुल्यांची जोडी आणली होती. ती कला जपणाऱ्या रमेश आणि शांती परमार या दांपत्याला 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या जोडीचे कपडे अंगावरच पक्के केलेले आहेत, आणि कपाटातल्या बाहुलीला तेच शोभते. खेळायच्या बाहुलीचे कपडे मात्र लहान बोटांना काढता-घालता आले पाहिजेत, हे आपले म्हणणे मला पटले. नात आता नाडी स्वतः सोडते. बांधता अजून येत नाही.

अक्षय्य तृतीयेला बाहुलीचे लग्न काढायचे ठरले आहे. नवरदेव तयार आहे, पण उघडाच. त्याचा अंगरखा मी आपल्या पद्धतीने, मलमल गुंडाळून बेतला आहे. आपली लहान कातर माझ्याकडेच राहिली आहे. तो शिवून होईपर्यंत ती ठेवून घेण्याची परवानगी असावी.

आपला,
शेजारचा भाऊजी