माळरानावर झाडे नकोत, गवत राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या सोलापूर जिल्ह्यात वृक्षलागवडीचे बेत ठरू लागतात आणि ‘रिकामी जागा’ म्हणून सर्वांचे लक्ष हटकून नान्नज-मार्डी परिसरातील माळरानांकडे वळते. हेतू चांगला असतो, यात शंका नाही. परंतु ज्या जागेला आपण पडीक म्हणतो, तिच्यावर कितीतरी प्राण्यांचे पोट चालते, याची दखल सहसा घेतली जात नाही.

काळवीट मुख्यतः गवतावर जगते. पावसाळ्यात पवन्या, मारवेल ही गवते कोवळी असतात तेव्हा त्याची चंगळ असते आणि उन्हाळ्यात गवत वाळून कडक झाले की बाभळीच्या शेंगांवर, तर कधी माळालगतच्या शेतातील पिकावर ते वेळ भागवते. शत्रू लांबूनच दिसणे आणि वेगाने पळता येणे हाच त्याचा बचाव असल्यामुळे झाडांची दाटी त्याला आसरा न ठरता अडचण ठरते. पाडसे मात्र सुरुवातीचे काही दिवस गवतातच निपचित पडून राहतात.

खोकडाला, म्हणजे माळावरच्या लहान कोल्ह्याला, तर काहीही चालते. हिवाळ्यात माळावरच्या पायवाटेवर पडलेली त्याची विष्ठा काडीने विस्कटून पाहिली, तर बोरांच्या आठळ्या, भुंग्यांच्या पंखांची चकाकणारी कवचे आणि उंदरांचे केस एकत्र सापडतात. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटून ती बाहेर पडते, तेव्हा तीही त्याचे खाद्य होते. लांडगा ओघळीचा आडोसा घेत सशावर किंवा काळविटावर झडप घालतो आणि पोटात साठवून आणलेले मांस पिल्लांपुढे ओकून त्यांना भरवतो. माळावर शिकार उरली नाही की तो मेंढरांकडे वळतो. मेंढपाळाचे नुकसान खरे आहे आणि त्याची भरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे, मात्र त्याचा सगळा दोष लांडग्याच्या माथी मारणे योग्य नाही. ज्या माळढोकासाठी १९७९ मध्ये येथे अभयारण्य झाले, तोही टोळ, सरडे, बोरे, हरभऱ्याचे दाणे असे मिळेल ते टिपून जगणारा आणि उघड्या जमिनीवर अंडे घालणारा पक्षी आहे. आज त्याचे दर्शन दुर्मीळ झाले आहे.

यापूर्वी येथील काही माळांवर गिरिपुष्पासारखी बाहेरची झाडे लावली गेली. अशा झाडांच्या सावलीत गवत खुरटते, गवताबरोबर टोळ आणि उंदीर कमी होतात आणि त्यांच्यावर जगणाऱ्यांची उपासमार सुरू होते.

म्हणून वृक्षलागवड करणाऱ्या संस्थांना विनंती आहे की, रोपे रस्त्यांच्या कडेला, गावठाणात आणि शाळांच्या आवारात लावावीत. माळासाठी काही करायचेच असेल, तर गवताचे बी गळल्यावरच कापणी व्हावी, वणवे रोखण्यासाठी जाळरेषा वेळेत काढल्या जाव्यात आणि धाब्यांचे खरकटे तेथे पडणार नाही, याकडे लक्ष द्यावे. त्या खरकट्यावर पोसलेली भटकी कुत्री खोकडाच्या पिल्लांचा आणि काळविटाच्या पाडसांचा फडशा पाडतात. लागवडीचे खड्डे पावसाआधीच खोदले जातात, तेव्हा वनविभागाने जागांच्या याद्या त्यापूर्वीच तपासून त्यांतून माळराने वगळावीत.

आपला विश्वासू,
एक वाचक, सोलापूर