येळवस कराच, बाबा

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की सोयाबीन पाण्यात गेलं, तूरही निम्मीच राहिलीये, मग यंदा कशाची येळवस, कशाची ती अमावस्येची रानातली पूजा आणि जेवण, आणि कशाचं काय, आणि आई मागून म्हणाली जाऊ दे गं, पुढच्या वर्षी बघू. तेव्हा मला काहीच बोलता आलं नाही. पण ते काही डोक्यातून जाईना, आणि फोनवर तुम्ही बरं बरं म्हणून विषय बदलता, म्हणून लिहितेय. जरा मोठं होईल, चष्मा लावून सावकाश वाचा.

काल इथे थँक्सगिव्हिंग झालं. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. आई दरवर्षी विचारते ना की ही अमेरिकेची दिवाळी का, तर दिवाळी नाही आई, हा सुगीचा सण आहे, पीक घरात आलं म्हणून देवाचे आणि एकमेकांचे आभार मानायचे, लांबलांबची लेकरं घरी येतात आणि सगळे मिळून जेवतात. बस एवढंच मला इतकी वर्षं माहीत होतं. या वेळी तुमचं बोलणं मनात होतं म्हणून नीट वाचत बसले, तर हा सण चांगल्या सालातला नाहीच हो बाबा.

1620 साली इंग्लंडहून मेफ्लॉवर नावाच्या जहाजातून 102 माणसं आली आणि डिसेंबरात प्लिमथला उतरली, माझ्या घरापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर. ऐन थंडीत आलेली, बरोबरचं धान्य संपत आलेलं, आजारपण, धड छप्पर नाही. पहिल्या हिवाळ्यात त्यातली निम्मी माणसं मेली. पुढच्या वर्षी सुगीला पन्नासेक उरली होती आणि त्यात मोठ्या बायका फक्त 4. आई, तू विचार कर, त्या चौघींनी आणि हाताशी असतील त्या पोरींनी तीन दिवसांच्या जेवणावळीचा स्वयंपाक कसा काढला असेल, घरोघरी माणूस गेलेलं असताना.

आणि आता बाबा तुमच्या आवडीचं. त्यांच्यातल्या एडवर्ड विन्स्लो नावाच्या माणसाने डिसेंबर 1621 मधे मायदेशी एक पत्र लिहिलं, त्यात सगळा पिकाचा हिशोब आहे. वीसेक एकर मका लावला, सहाएक एकरात जव आणि वाटाणा. मका चांगला आला, जव बेताचाच, आणि वाटाणा तर काढायच्या लायकीचाही नव्हता, बहुतेक पेरायला उशीर झाला म्हणतो, फुलात आला आणि उन्हाने करपला. मी हे वाचलं आणि मला तुमचाच आवाज ऐकू आला, बांधावर उभं राहून तुम्ही असंच सांगता ना, हे आलं, हे बरं आलं, हे गेलं. म्हणजे त्यांनी स्वतःबरोबर आणलेलं बी फसलं आणि तारलं ते इथल्या मक्याने.

तो मका त्यांना शिकवला टिस्क्वांटम नावाच्या माणसाने. त्याचं गाव पटक्सेट, आणि प्लिमथ वसलं ते त्याच गावाच्या जागेवर. 1614 ला एका इंग्रज कप्तानाने त्याला फसवून धरून नेलं आणि स्पेनमधे विकायला काढलं, तिथून तो कसाबसा इंग्लंडला पोचला, आणि 1619 ला परत आला तर गावात एकही माणूस जिवंत नाही, युरोपच्या जहाजांबरोबर आलेल्या साथीने सगळं गाव गेलेलं. त्या माणसाने, ज्याचं असं सगळं गेलं, त्याने या नव्या लोकांना आपल्या गावच्या जमिनीत पीक कसं घ्यायचं ते दाखवलं. मातीच्या ढिगात मासे खत म्हणून पुरायचे आणि त्यावर मका लावायचा. इथल्या बऱ्याच जमाती मक्याबरोबर शेंगा आणि भोपळा लावत, शेंगांचा वेल मक्याच्या ताटावर चढतो आणि जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं खाली पसरून ओल धरतात आणि तण वाढू देत नाहीत, आपण तुरीत सोयाबीन घेतो तसंच की हे. आणि मका, लाल भोपळा, आपल्या मिरच्या, भुईमूग हे सगळं मूळचं उत्तर नि दक्षिण अमेरिकेतलं, आपल्याकडे पोर्तुगीज आल्यानंतर आलं, म्हणजे आपल्या चुलीवरही इकडच्या मूळ लोकांचं ऋण आहेच, हे मला माहीतच नव्हतं.

त्या सुगीला तिथल्या वाम्पानोआग लोकांचा प्रमुख औसामेक्विन नव्वदेक माणसं घेऊन आला, त्याच्या माणसांनी 5 हरणं मारून आणली, तीन दिवस खाणंपिणं चाललं. विन्स्लोने त्यावर चार ओळी लिहिल्यात, बास. त्याचा हा एवढा राष्ट्रीय सण कोणी तेव्हा केला नाही, ते फार नंतर.

पण पुढचं मी तुमच्यापासून लपवणार नाही. औसामेक्विनने या इंग्रजांशी तह केला होता, तो त्याच्या हयातीत टिकला. तो गेल्यावर त्याचा मुलगा मेटाकॉम जमिनींवरून इंग्रजांशी लढला, 1676 मधे मारला गेला, त्याचं मुंडकं याच प्लिमथला खांबावर कित्येक वर्षं लावून ठेवलं होतं, त्याच्या कितीतरी लोकांना गुलाम म्हणून विकलं. ज्यांनी खायला शिकवलं त्यांच्याच पोरांचं हे केलं. म्हणून 1970 पासून दर थँक्सगिव्हिंगला दुपारी 12 वाजता प्लिमथच्या कोल्स हिलवर मूळ रहिवासी शोक दिवस पाळतात. त्या साली वामसुट्टा फ्रँक जेम्स नावाच्या वाम्पानोआग माणसाला सरकारी समारंभात भाषणाला बोलावलं होतं, भाषण आधी वाचायला मागितलं आणि त्यात हे सगळं खरंखरं लिहिलेलं बघून ते करू दिलं नाही, मग लोक टेकडीवर जमले आणि तेव्हापासून जमतातच. काल मी गेले होते. औसामेक्विनचा पुतळा आहे तिथे, समुद्राकडे तोंड करून. हाडं गोठवणारा वारा, म्हाताऱ्या बायका ब्लँकेट पांघरून उभ्या, बोलतात फक्त त्यांचीच माणसं, बाकीच्यांनी ऐकायचं. एका आजीने बोलायच्या आधी जमिनीचं, पाण्याचं, पूर्वजांचं नाव घेतलं. मी इथे परकीच, पण मान आपोआप खाली गेली.

संध्याकाळी ऑफिसातल्या मैत्रिणीकडे जेवायला होते. मी भोपळ्याचे घारगे करून नेले होते आई, तुझ्यासारखे टम्म नाही फुगले पण संपले सगळे. तिच्या आईने प्रत्येकाच्या ताटलीत आधी मक्याचे पाच दाणे ठेवले, कोरडे. पहिल्या हिवाळ्यात माणशी पाचच दाणे मिळायचे अशी इकडे एक दंतकथा आहे, त्याची आठवण म्हणून. खरं खोटं जाऊ दे, पण भरलेल्या टेबलावर आधी ते पाच दाणे, मग बाकी सगळं, हे मला फार आवडलं. जेवायच्या आधी एकेकाने सांगायचं असतं की या वर्षी कोणाचे आभार. माझी पाळी आली तेव्हा मी आपल्या सालगडी काकांचं नाव घेतलं, सप्टेंबरात ओढ्याला पाणी आलं तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातून जाऊन त्यांनी म्हैस आणि वासरू सोडवलं म्हणून.

ही राष्ट्रीय सुट्टी कधी झाली माहितीये? 1863 मधे, अमेरिकेतलं यादवी युद्ध ऐन भरात असताना. त्याच जुलैत गेटिसबर्गला तीन दिवसांत पन्नास हजाराच्या आसपास माणसं मेली, जखमी झाली नाहीतर बेपत्ता झाली. सारा हेल नावाची एक विधवा बाई, पाच लेकरं एकटीने वाढवलेली, मासिकाची संपादक, ती कितीतरी वर्षं एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहीत होती की सगळ्या देशाचा आभाराचा एकच दिवस ठेवा. लिंकनने ऐकलं आणि 3 ऑक्टोबरला जाहीरनामा काढला, त्यात भरल्या शेतांचे आभार आहेत आणि त्याच कागदात विधवा, अनाथ, दुःखी माणसांसाठी प्रार्थनाही. पुढे तारखेवरून थोडा घोळ झाला, 1941 ला कायद्याने चौथा गुरुवार पक्का झाला.

बाबा, म्हणून म्हणते येळवस करा. जमीन आहे ना, ती कुठे गेलीये. पाण्याने वरची माती नेली तरी हरभरा उगवलाय म्हणालात. पूजेची कडब्याची कोप लहानच घाला, कडबा कमी असेल तर चार पेंढ्यांचा घाला, पण घाला. पाच पांडवांचे दगड मांडा, चुना लावा. भज्जीच्या मिसळ भाजीला घरच्या शेंगा नसतील तर बाजारातून आणा, वाल, तूर, हरभरा, वांगी, जे मिळेल ते, आई आंबील तर करेलच. आणि पहिलं आमंत्रण सालगडी काकांच्या घरी द्या, मग गल्लीतली ज्यांना शेत नाही ती माणसं, दरवर्षी येतात तशी. तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतं की आपल्या रानात त्या दिवशी कोणी उपाशी फिरता कामा नये.

मी थोडे पैसे पाठवलेत, ते खतासाठी वापरा, परत करायचं नाव काढू नका. दादाला सांगितलंय पंचनाम्याचे कागद एकदा बघायला. आई, गुडघ्याची गोळी जेवणानंतरच घे, आणि रानात खाली बसू नकोस, घडीची खुर्ची गाडीत टाकायला लाव. इकडे आता साडेचारलाच अंधार पडतो पण मी ठीक आहे, स्वेटर घालते. रविवारी सकाळी तुमच्या वेळेने फोन करते, तेव्हा कोणाकोणाला बोलवायचं ती यादी तयार ठेवा.

तुमची,
मनू