बारशाच्या रविवारबद्दल

चि. सौ. राणीस, अनेक आशीर्वाद.

बारशाला मला येता आलं नाही, तो विषय फोनवर काढला की तू "असू दे ओ आण्णा" म्हणतेस आणि लगेच बीपी किती, जेवलात का, यावर येतेस. म्हणून लिहायला बसलोय. तू चिडली असतीस तर बरं झालं असतं. आईसारखी चिडायला काय झालं होतं?

पहिलं खरं सांगतो. डॉक्टरांना आणि तुझ्या आईला मी एक ग्लास सांगितला. दोन होते. शुक्रवारी डायलिसिस झाल्यावर तसाच गुजरीत गेलो आणि बाळाचे वाळे घेतले. चांदीचे, घुंगरांचे. डबी खिशात घालून स्टँडवर गेलो, जुन्या मंडळींना दाखवायला. तिथं उसाचा रस आला, आलं-लिंबू मारून. एक त्यांनी पाजला, दुसरा मी मागून घेतला. शनिवारी तर हद्द केली. दिवसाचं लिटरभर पाणी आई बाटलीत मोजून ठेवते ना, ती बाटली जपून तशीच ठेवली आणि जाता-येता माठातलं पीत राहिलो. चोरी कुणाची करत होतो कुणास ठाऊक.

रात्री अकराला आडवं होता येईना. खुर्चीत ताठ बसून श्वास ओढत होतो. दवाखान्यात काट्यावर 61.5 भरलो. माझं ड्राय वेट, म्हणजे डायलिसिसनं जादा पाणी काढल्यावरचं वजन, 58. पोटॅशियम 6.8, धोक्याचं. रात्र ऑक्सिजनवर आणि इंजेक्शनांवर काढली, सकाळी टेक्निशियन आल्यावर मशीन लागलं. पहाटे साडेपाचच्या गाडीचं रिझर्वेशन होतं. बॅग दारात, इस्त्रीचा शर्ट खुंटीला.

कोल्हापूर-स्वारगेट किती वर्षं केलं मी. कराडला चहा, खंबाटकी उतरलं की पेंगणाऱ्यांना उठवायचं. डोळे मिटून सांगेन गाडी कुठं आली ती. आणि नातीच्या बारशाला जमलं नाही.

बापूनं फोन लावला होता, पण कुठं टेकवला होता देव जाणे. मला तुमचा पंखा दिसत होता आणि पाळण्याच्या दोरीचा गोंडा. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" ऐकू आलं. मग बायकांचा कालवा झाला, आत्याच्या पाठीत बुक्क्या पडल्या असणार, आणि नेमकं तेव्हाच माझ्या मशीनचा अलार्म वाजला. टेक्निशियन पोरगं चांगलं आहे. म्हणालं, काका, नाव काय ठेवलं? मला सांगता येईना. म्हटलं, राणीची मुलगी.

तुझ्या बारशाला तरी मी कुठं होतो म्हणा. आषाढीची जादा वाहतूक, रजा बंद. पंढरपुरात गाडीच्या टपावर बोचकी चढवत होतो. तेव्हा वाईट वाटलं नाही, ड्यूटी होती. आता वाटतं.

आणि आमच्या लग्नात माझी आई माजघरात पडून होती. 1988 साल. तोंड सुजलेलं, पाय सुजलेले. अक्षता पडल्यावर आम्ही दोघं आत गेलो तर म्हणाली, वाजंत्री बरी होती रे. पुढच्याच वर्षी गेली, 49 व्या वर्षी. पोटात गोळा होता म्हणायचे सगळे. गोळा कसला, हेच किडनीचं दुखणं होतं, तिच्याकडून मला आलेलं. हे मला कळायला 2009 उजाडलं, तेही मुतखड्याची शंका म्हणून सोनोग्राफी केली तेव्हा. दोन्ही किडन्यांवर तासगावच्या द्राक्षांच्या घडासारख्या पाण्याच्या गाठी.

हे पत्र त्यासाठी नाही. पण आता विषय निघालाच आहे.

बाळाच्या वेळी तुझ्या पोटावर ते मशीन किती वेळा फिरलं. बाळाचं डोकं बघितलं, हृदय बघितलं. तुझ्या किडन्या तिथंच चार बोटं मागं, त्यांच्याकडं बघा असं तू एकदाही म्हणाली नाहीस? आठव्या महिन्यात बीपी वाढलं होतं, हे मला आईकडून कळलं. तू म्हणतेस, आधी कळून करायचं काय? अगं, पुष्कळ. बीपी आटोक्यात ठेवायचं, मीठ कमी करायचं, पाठ दुखली की मनानं गोळ्या खायच्या नाहीत. मी काय केलं? बीपीची गोळी सहा वर्षं बंद ठेवली, बरं वाटतंय म्हणून. आणि सीटवर बसून कंबर धरायची म्हणून वेदनेच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या. कुणी सांगणारं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं.

बापूची सोनोग्राफी स्वच्छ आली तेव्हा तू हसत म्हणालीस, म्हणजे माझ्या वाट्याला आलं. तसं नसतं. मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं. प्रत्येक मुलासाठी नाणं वेगळं उडतं, छापा नाहीतर काटा. बापूचं त्याच्यापाशी, तुझं तुझ्यापाशी. तुझं अजून हवेतच आहे असं मला रात्री मशीनवर नसतानाही वाटत राहतं.

बघ, लेक्चर झालंच. ओली बाळंतीण तू, आणि मी हे काय लिहितोय. माफ कर. सव्वा महिना होऊ दे, मग बघू.

तुला आठवतं का, लाल गाडीत ड्रायव्हरशेजारी इंजिनच्या बॉनेटवर बसायचीस? हात ठेवायचीस आणि म्हणायचीस, आण्णा, आत कुणीतरी आहे. माझ्या डाव्या हाताचा फिस्टुला, डायलिसिससाठी जोडलेली शीर, तसाच थरथरतो. बाळाचा हात त्यावर ठेवून बघायचा होता, एवढंच डोक्यात होतं. आता तूच घेऊन ये. सोमवार, बुधवार, शुक्रवार सोडून कधीही. चुलीवरच्या पाण्याची सोय आई करेल, तिनं जुनी कुंचीही धुवून वाळवून ठेवली आहे. जावईबापूंना म्हणावं, कार हळू चालवा.

नाव मला संध्याकाळी कळलं. छान आहे. टेक्निशियनला बुधवारी सांगितलं.

वाळे मंगळवारी सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतोय, माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा आहे. स्वारगेटला कुणाला तरी पाठव. सैल झाले तर राहू देत, घट्ट झाले तर सोनार बदलून देतो म्हणालाय. डबीत कापसाखाली डॉक्टरांची चिठ्ठी आहे, सोनोग्राफीची. रागावून फेकू नकोस.

तुझे,
आण्णा