पूर ओसरला, भीती ओसरली नाही

महोदय,

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या आमच्या घरात कमरेच्या वर पाणी शिरले. माझी धाकटी जाऊ आजही पावसाच्या आवाजाने दचकून उठते. कधी समोर बसूनही हरवल्यासारखी होते, हाक ऐकू येत नाही. शेजारणी म्हणाल्या, अंगात येतं. एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या पहाटेबद्दल कुणी विचारलेच नाही!

अशी लक्षणे महिन्याहून अधिक टिकली, तर आघातोत्तर तणाव विकाराची (मोठ्या धक्क्यानंतर मनात टिकून राहणाऱ्या त्रासाची, म्हणजे पीटीएसडीची) तपासणी हवीच; फिट्स किंवा डोक्याचा मार नाही ना, हेही पाहावे लागते. वस्तीतल्या दवाखान्यांत किमान 'तेव्हा काय घडलं?' एवढे विचारा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांकही तिथे फलकावर लावा.

— एक वाचक, नागपूर