कथेला तीन तासिका द्या, तात्पर्य नंतर बघू

महोदय,

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आला की मुंबईतल्या बऱ्याच शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांत एखादी कथा एका तासिकेत 'उरकली' जाते. लेखक-परिचय, कठीण शब्द, प्रकट वाचन, तात्पर्य, घंटा. बोधकथेला हे चालून जातं. पण जिच्यात मूल जाणतं होत जातं, ती कथा या पद्धतीने वाया जाते, कारण तिथे बदल हळूहळू आणि ओळींच्या मधे घडतो. ती कशी घ्यावी, याबद्दल हे पत्र.

उदाहरण म्हणून रवींद्रनाथ टागोरांची १८९२ मधली 'छुटी' घेऊ. गावातला व्रात्य फटिक शिकायला मामाकडे कलकत्त्याला जातो. मामीला तो नकोसा होतो, शाळेत मार बसतो, घरी जायची सुट्टी मात्र कार्तिकात. कोकणातून किंवा घाटावरून शिकायला काका-मामाकडे आलेली मुलं मुंबईच्या कुठल्याही वर्गात सापडतील, त्यामुळे परिस्थिती समजावत बसावी लागत नाही. शिवाय आपली दिवाळीची सुट्टीही तेव्हा तोंडावर असते.

तयारी थोडीच, पण ती चुकवू नये. दोन मुलांत एक झेरॉक्स पुरते. परिच्छेदांना समासात पेन्सिलीने क्रमांक घालून घ्यावेत, म्हणजे पुढे 'कुठे?' असं विचारलं की मूल बोट ठेवू शकतं. अर्थ अडेल असे पाच-सहा शब्दच आधी सांगावेत. फळ्यावर वीस शब्दांची यादी लिहिली की पहिली तासिका तिथेच संपते. शेवटी फटिक तापाच्या भ्रमात खलाशांसारखा पाण्याची खोली मोजत बसतो. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने गेलेल्या मुलालाही दोर सोडून पाणी मोजणं माहीत नसतं. त्याचं चित्र फळ्यावर आधीच काढून ठेवावं, नाहीतर कथेच्या सर्वांत नाजूक जागी शिक्षकाला खडू उचलावा लागतो.

'एकेक परिच्छेद एकेकाने वाचा' ही रीत इथे नको. मुलं आपला परिच्छेद कोणता येणार ते मोजतात आणि बाकीचं ऐकत नाहीत. सुरुवात शिक्षकाने वाचावी, पुढचं मुलांनी मनात. सलग मोठ्याने वाचली तर कथा वीसेक मिनिटांची आहे. पण पस्तीस मिनिटांच्या तीन तासिका लागतात त्या थांबण्यासाठी. मराठी दुसरी भाषा असलेल्या शाळांत चौथी तासिकाही लागेल.

थांबायचं तीन ठिकाणी आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न: फटिकला आत्ता काय हवंय? पहिला थांबा तो निघतो तेव्हा. आनंदाच्या भरात तो आपला गळ, पतंग सगळं धाकट्या भावाला, माखनला देऊन टाकतो. त्याची जाण्याची घाई बघून दुखावते ती आई. दुसरा थांबा तो मामाला घरी कधी जायचं ते विचारतो तिथे. तिसरा ताप भरल्यावर. आपलं आजारपण मामीला जड होईल हे त्याला कळतं आणि तो कुणाला न सांगता घराबाहेर पडतो. पहिल्या पानावरच्या दांडगट मुलाला हे कळलं नसतं. वाढ इथे झाली आहे, शेवटच्या वाक्यात नव्हे. आणि घाईच्या वाचनात नेमका हाच परिच्छेद निसटतो.

'आधीचा फटिक, नंतरचा फटिक' असा तक्ता करायला सांगू नये. 'खोडकर होता, शहाणा झाला' यापलीकडे त्यात काही येत नाही.

मधे तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचं वर्णन आहे: कपडे आखूड होतात, आवाजातला गोडवा जातो, बोबडं बोललं तर लाडिकपणा आणि मोठ्यासारखं बोललं तर आगाऊपणा. सातवीत इथे हशा होणारच. होऊ द्यावा, दटावू नये. मात्र कुणाच्या आवाजाकडे बोट दाखवू देऊ नये. 'मामी वाईट' हे उत्तरही पटकन येतं. ते खोडण्याऐवजी याच परिच्छेदाकडे परत पाठवावं आणि असा मुलगा सगळ्यांनाच का नकोसा वाटतो ते शोधायला लावावं.

शेवट झाल्यावर कुणीतरी विचारतंच, 'मेला का?' कथा ते स्पष्ट सांगत नाही, शिक्षकानेही सांगू नये. कोणत्या शब्दांवरून तसं वाटलं, एवढंच विचारावं. काही शिक्षक मुलं घाबरतील म्हणून शेवट गाळतात. मग ही कथा निवडलीच कशाला?

एक पथ्य कडक पाळावं. 'तुमच्या घरी असं होतं का?' हा प्रश्न वर्गात मोठ्याने कधीच विचारू नये. दुसऱ्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला त्याचं उत्तर चाळीस जणांसमोर देता येत नाही. त्याऐवजी फटिकच्या वतीने आईला आठ ओळींचं पत्र लिहायला द्यावं. ही पत्रं वर्गात वाचून दाखवू नयेत. एखाद्यात फटिकपेक्षा मूलच बोलताना दिसलं, तर त्याच्याशी एकटं बोलावं. मारहाण किंवा उपासमार असेल, तर मुख्याध्यापकांना सांगून १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करावा.

राहिली परीक्षा. 'तात्पर्य लिहा' असा प्रश्न टाकला की गाइडातलं उत्तर येतं. 'फटिक बदलला असे तुम्हांला कोणत्या परिच्छेदात जाणवले? कारण लिहा' असा पाच गुणांचा प्रश्न द्यावा: प्रसंगाला दोन, कथेतल्या शब्दांवर आधारलेल्या कारणाला दोन, मांडणीला एक. दोन मुलांनी वेगळे परिच्छेद निवडले तरी दोघांनाही पूर्ण गुण मिळू शकतात, हे पेपर तपासणाऱ्या दुसऱ्या शिक्षकालाही आधी सांगून ठेवावं. ऱ्हस्व-दीर्घाचे गुण इथे कापू नयेत.

– सातवी-आठवीला मराठी शिकवणारे काही शिक्षक, मुंबई