मध मोजला जातो, परागीभवन मोजले जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मधमाशीपालनाविषयी जे लिहिले आणि बोलले जाते, त्यात दोन वेगळ्या गोष्टी बहुतेक वेळा एकत्र कालवल्या जातात. मधाचे उत्पादन वाढणे ही त्यातली एक आणि निसर्गातले परागीभवन टिकणे ही दुसरी. पेट्या वाढल्या की मधमाश्या वाढतात, त्या वाढल्या की परागीभवन वाढते आणि परागीभवन वाढले की पर्यावरण सुधारते, अशी साखळी गृहीत धरली जाते. बरीच वर्षे मधपेट्या सांभाळल्यावर मला या साखळीतली प्रत्येक कडी तपासून घ्यावीशी वाटते, कारण तिच्याच भरवशावर अनुदाने ठरतात, मोहिमा आखल्या जातात आणि चांगल्या हेतूचे लोक गच्चीवर पेटी आणून ठेवतात.

परागीभवनाचे मोल किती, याची कल्पना देणारे आकडे उपलब्ध आहेत. जैवविविधतेचा अभ्यास करणाऱ्या ‘आयपीबीईएस’ या आंतरशासकीय मंचाच्या २०१६ सालच्या अहवालानुसार जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिके कमीअधिक प्रमाणात प्राण्यांकडून, मुख्यतः कीटकांकडून, होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत आणि त्यामुळे थेट हाती येणाऱ्या उत्पादनाचे मूल्य वर्षाला २३५ ते ५७७ अब्ज डॉलर भरते. त्याच अहवालात जगभरातल्या सुमारे ८ कोटी १० लाख पेट्यांमधून वर्षाला अंदाजे १६ लाख टन मध निघतो, असेही म्हटले आहे. या मधाला किलोमागे १० डॉलर असा उदार भाव लावला, तरी रक्कम १६ अब्ज डॉलरच्या पुढे जात नाही. गहू, भात, मका यांना कीटकांची गरज नसते हे खरे आहे आणि म्हणून मधमाश्या संपल्या की माणूस काही वर्षांत उपाशी मरेल, या नेहमी ऐकू येणाऱ्या विधानाला आधार नाही. पण फळे, बहुतेक फळभाज्या, अनेक तेलबिया, म्हणजे जेवणातली जीवनसत्त्वे ज्यांतून येतात ती पिके, कीटकांच्या या फुकटच्या श्रमावर उभी आहेत.

हे श्रम करते कोण? मधमाशी ज्या गटात मोडते त्या, इंग्रजीत ‘बी’ म्हणतात त्या माश्यांच्या (घरमाश्यांच्या नव्हे) २० हजारांहून अधिक जाती शास्त्राला ठाऊक आहेत. त्यांपैकी खऱ्या मधमाश्यांच्या जाती दहाच्या आसपास आहेत आणि बाकीच्या बहुतेक जातींच्या माद्या एकट्यानेच जमिनीत, वाळक्या लाकडात किंवा पोकळ काडीत घर करतात. मध त्या साठवत नाहीत, म्हणून कोणाच्या हिशेबात येत नाहीत. टोमॅटोच्या फुलातले पराग बाहेर पडण्यासाठी फूल धरून अंग थरथरवावे लागते. ते बंबलबी (थंड प्रदेशातली जाडजूड, केसाळ माशी) आणि भुंगे करतात, मधमाशीला जमत नाही. लसूणघासाच्या फुलावर कीटक बसला की आतला केसर उसळून त्याला टोला देतो; तो चुकवून मधमाशी बाजूने मकरंद काढून घ्यायला शिकते, त्यामुळे त्याच्या बीजोत्पादनासाठी पानकापी माश्या पाळाव्या लागतात. कोकोचे फूल तर चिलटाएवढ्या कीटकांवर विसंबून असते. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जगभरातल्या ४१ पीकव्यवस्थांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रानटी कीटकांच्या वाढीव भेटींमुळे फळधारणेत पडलेली भर मधमाश्यांच्या तेवढ्याच वाढीव भेटींमुळे पडलेल्या भरीच्या दुप्पट आढळली.

आता पेट्यांच्या पर्यावरणीय खर्चाकडे वळतो. मध काढताना आपण फक्त मध तोलतो, पण पेटीतल्या माश्यांच्या वसाहतीने परिसरातून उचललेले पराग कोणी तोलत नाही. पराग हे जवळजवळ सर्वच माश्यांच्या पिल्लांचे प्रथिनयुक्त अन्न असते, आणि भर हंगामातल्या एका जोमदार पेटीत हजारो कामकरी माश्या काही किलोमीटरच्या परिघातून ते गोळा करत असतात. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २०१७ साली हा हिशेब मांडला. त्यांच्या मते ४० पेट्यांचा ताफा रानात तीन महिने राहिला, तर तो जेवढे पराग नेतो तेवढ्यात एकांड्या माश्यांची ४० लाख पिल्ले वाढू शकली असती. फुलोरा सरला की मी माझ्या पेट्या हलवू शकतो किंवा त्यांना साखरेचा पाक देऊ शकतो. ती साखर पिकवायलाही जमीन आणि पाणी लागतेच. मात्र घरट्यापासून काहीशे मीटरच फिरणाऱ्या एकांड्या माशीला दुसरीकडे जाण्याची सोय नसते. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात २०१३ ते २०२० या काळात पेट्यांची संख्या २५०हून कमी होती ती ३,०००च्या घरात गेली, आणि जिथे मधमाश्या सर्वाधिक वाढल्या तिथे रानमाश्यांच्या जाती सर्वात कमी सापडल्या.

रोगांचा भाग मला याहून अधिक अस्वस्थ करतो. व्हरोआ हा कोळीवर्गीय परजीवी मुळात आशियाई मधमाशीचा, म्हणजे आपण जिला सातेरी म्हणतो तिचा. पाळण्यासाठी युरोपीय मधमाशी आशियात नेली गेली, तेव्हा तो तिच्यावर गेला आणि पेट्यांच्या व्यापारातून बहुतेक जगभर पसरला. त्याच्यासोबत पसरलेला, पंख वेडेवाकडे करणारा विषाणू आता रानातल्या बंबलबींमध्येही आढळतो. कॅलिफोर्नियात दर फेब्रुवारीत बदामाच्या फुलोऱ्यासाठी अमेरिकेतल्या निम्म्याहून कितीतरी अधिक वसाहती ट्रकांवर लादून एकाच खोऱ्यात आणल्या जातात; इंधन जळते ते वेगळेच, पण देशभरचे रोग एकमेकांना भेटण्यासाठी यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

मधपाळाला दोषी ठरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. पीक फुलावर असताना फवारणी झाली की पेटीच्या दाराशी पडलेला मेलेल्या माश्यांचा खच मी स्वतः झाडून काढला आहे आणि ते दुःख अजून ताजे आहे. युरोपीय संघाने २०१८ साली तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली, तो निर्णय मला योग्यच वाटतो. पण आपल्या पेटीतले नुकसान निदान डोळ्यांना दिसते, नवी वसाहत आणून ते भरूनही काढता येते. त्याच फवारणीत बांधाच्या मातीत घर केलेल्या किती माश्या गेल्या, ते मला कधीच कळले नाही, आणि त्या विकत आणून परत ठेवताही येत नाहीत.

म्हणून मधमाशीपालनाला उत्तेजन देणाऱ्या योजनांचे यश पेट्यांच्या आणि मधाच्या आकड्यांवर मोजणे थांबवावे, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. शेतीत पेट्या लागतातच आणि तिथे मधपाळाला परागीभवनासाठी ठरवून मोबदला मिळावा, म्हणजे मधाच्या प्रत्येक थेंबासाठी पोळे पिळण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही. राखीव रानांत पेट्यांच्या संख्येवर आणि मुक्कामावर मर्यादा असावी. जिथे मधमाशी मुळात नव्हतीच, त्या प्रदेशांत तर ती नेण्यापूर्वी फार विचार व्हावा. शेताच्या कडेला नांगर न लागलेली मोकळी माती, उभे वाळके खोड आणि तण समजून उपटली जाणारी फुलझाडे राखणाऱ्या शेतकऱ्यालाही अनुदान मिळावे. घरी काही करू इच्छिणाऱ्यांनी पेटी घेण्याआधी, वर्षभर आलटूनपालटून फुलतील अशी स्थानिक झाडे लावावीत.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. मधमाशीविषयीच्या मजकुरासोबत जेव्हा मधाच्या उत्पादनाचा आकडा छापला जाईल, तेव्हा त्या परिसरातल्या रानमाश्यांची गणना झाली आहे का आणि झाली असल्यास त्यांच्या किती जाती आढळल्या, हा प्रश्न आपल्या वार्ताहरांनी संबंधितांना जरूर विचारावा आणि उत्तर नसेल तर तेही छापावे.

आपला विश्वासू,
एक मधपाळ वाचक